वस्तरा, गाल आणि थोडा इतिहास

चौदा किलो वजन उतरवलंत तर चौदा वर्षांनी तरुण दिसाल, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. डॉक्टर पडले विज्ञान शाखेचे. त्यांचं हिशेबाचं अंग कच्चं असणार, हे कॉमर्सचा पदवीधर असूनही माझ्या लक्षात आलं नाही. आज मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, साखर ताब्यात आहे, पँटा दोनदा शिंप्याकडे जाऊन आल्या आहेत, आणि बसमध्ये कॉलेजातली पोरं मला उठून जागा देतात.

याला कारण गाल. बँकेत आम्ही हा प्रकार रोज पाहतो. खातेदार येतो, सगळी शिल्लक काढून नेतो, पण खातं बंद करत नाही. पासबुक तसंच, चेकबुक तसंच, आत मात्र शून्य. माझ्या गालांचं नेमकं हेच झालं. आतला माल गेला आणि वरची कातडी जागच्या जागी राहिली. जागच्या जागी म्हणजे जागेपासून दोन बोटं खाली. शेजारच्या काउंटरवरच्या कॅशियरनं पहिल्याच आठवड्यात खालच्या आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

चेहरा पडला याचं दुःख माणूस पचवतो. त्या पडलेल्या चेहऱ्याची दाढी करायची म्हणजे काय, ते मात्र ज्याचं त्यालाच ठाऊक. हल्लीच्या रेझरला तीन-तीन, चार-चार पाती असतात. पूर्वी माझ्या गालावरून ते घाटातल्या नव्या रस्त्यावरून गेल्यासारखं जाई. आता रेझर पुढे सरकला की कातडी त्याच्यापुढे गोळा होते. फरशीवरून टेबल ढकलताना सतरंजीला वळ्या पडतात ना, तसं. आणि त्या वळीत चारही पाती एकदम घुसतात. रोज सकाळी कागदाचे तुकडे चिकटवून मी चहाला येऊ लागलो. ही म्हणायची, "अहो, त्यावर तिकीट पण लावा, म्हणजे पोस्टात टाकता येईल."

पण खरी अडचण माझी नव्हती. खरी अडचण अण्णांची होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षक, विषय इतिहास. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. खडू धरून पस्तीस वर्षं सनावळ्या लिहिलेला हात आता चमचा धरताना गोंधळतो, मग रेझर कुठला धरणार? कोपऱ्यावरच्या सलूनचे मामा दर चार दिवसांनी घरी यायचे. पण त्यांनीही सत्तरी ओलांडली आणि त्यांच्या गुडघ्यांनी आमचा तिसरा मजला नाकारला. इमारतीला लिफ्ट नाही. अण्णा खाली उतरू शकत नाहीत, मामा वर चढू शकत नाहीत, आणि मधल्या दोन मजल्यांवर अण्णांची दाढी वाढत राहिली. विजेवर चालणारं मशीन आणलं, तर अण्णा म्हणाले, "हे मैदानावरचं गवत कापायला बरं आहे." एक दिवस मीच माझा चार पात्यांचा रेझर त्यांच्या गालावर धरला. माझे गाल पडलेले आहेत. अण्णांचे निवृत्त झालेले आहेत. पहिल्याच हाताला तीन ठिकाणी रक्त आलं. अण्णा काही बोलले नाहीत. टॉवेलने गाल पुसून ते म्हणाले, "राहू दे. ऋषिमुनी काय करत होते?"

त्या दिवसापासून त्यांनी आरशात बघणं सोडलं. आयुष्यभर रोज सकाळी सात वाजता गुळगुळीत दाढी करून शाळेत जाणारा माणूस, पाहुणे आले की तोंड वळवून बसू लागला. मला ते बघवेना.

अशात माळ्यावरून जुनी ट्रंक काढताना वस्तरा सापडला. हस्तिदंतासारख्या पिवळट मुठीचा, पात्यावर 'शेफील्ड' अशी इंग्रजी अक्षरं, वर गंजाचे ठिपके. आजोबांचा, एवढंच मला माहीत होतं. मी तो घेऊन खाली मामांकडे गेलो. मामांनी चष्मा पुसला, पातं नखावर हलकेच टेकवलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "साहेब, हा वस्तरा अजून जिवंत आहे." मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या गालांकडे बघून पुढे म्हणाले, "सैल कातडीला हाच बरा. पातं एक, ते डोळ्यांना दिसतं, आणि दुसरा हात कातडी ताणायला मोकळा. शिका. आधी स्वतःवर. मग वडिलांवर."

मी बँकेतला माणूस. कुठल्याही नव्या खातेदाराला पैसे देण्यापूर्वी त्याची मागची कागदपत्रं बघायची, ही सवय. जो माझ्या गळ्यापर्यंत येणार आहे, त्याची चौकशी नको? तेव्हा मी वस्तऱ्याचा इतिहास वाचायला घेतला. माझा इतिहासाशी संबंध दहावीपर्यंतचा, तोही अण्णांच्या धाकापुरता. त्यामुळे जे सापडलं ते मी रात्री जेवताना अण्णांना सांगे आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून ऐकत.

सुरुवात फार जुनी आहे. संस्कृतात वस्तऱ्याला क्षुर म्हणतात आणि हा शब्द थेट वेदांत आहे. कठोपनिषदात तर आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिलेली आहे. त्याच उपमेवरून सॉमरसेट मॉम या इंग्रज लेखकानं १९४४ साली आपल्या कादंबरीला नाव दिलं. आत्मज्ञान मला अद्याप झालेलं नाही, पण त्या ऋषींनी स्वतः कधीतरी वस्तरा हातात धरलेला असणार, याविषयी माझी खात्री आहे. अनुभवाशिवाय अशी उपमा सुचत नाही. आपण मराठीत म्हणतो तो 'वस्तरा' शब्द मात्र फारसीतून आला. आणि 'हजामत' हा शब्द अरबी. त्याचं मूळ रक्त काढण्याच्या उपचारात आहे. अरबीत हज्जाम म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणारा. इंग्लंडातही न्हावी आणि शस्त्रवैद्य यांची एकच संस्था होती. १५४० साली दोघे एकत्र आले ते १७४५ साली वेगळे झाले. माझ्या पहिल्या चार दाढ्यांमध्ये मी हजामत शब्दाचा मूळ अर्थ निष्ठेनं जपला, हे इथेच कबूल करतो.

रोमन लोक बरेच दिवस दाढ्या वाढवून हिंडत होते. इ.स.पू. ३०० च्या सुमारास सिसिलीतून तिथे पहिले न्हावी आणले गेले, असं प्लिनी लिहितो. आणि रोज दाढी करणारा पहिला रोमन म्हणजे धाकटा सिपिओ आफ्रिकानस, असंही तोच सांगतो. म्हणजे सकाळी आठ-बाराच्या लोकलसाठी जो छळ आपण सोसतो, त्याचा मूळ पुरुष हा. त्याच्याही आधी अलेक्झांडरने आपल्या सैनिकांना दाढ्या काढायला लावल्या. शत्रूच्या हातात धरायला काही सापडू नये म्हणून, असं प्लुटार्कचं म्हणणं. अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "सन?" मला सन माहीत नव्हता. "मग तो इतिहास नाही, गप्पा," असं म्हणून त्यांनी भातावर आमटी वाढून घेतली.

मला सर्वांत जवळचा वाटला तो रशियाचा पीटर. युरोप बघून १६९८ साली तो परत आला आणि त्यानं आपल्या सरदारांच्या दाढ्या स्वतःच्या हातानं कापल्या. ज्याला दाढी ठेवायची असेल त्यानं कर भरावा. हा कर भरला की तांब्याचं टोकन मिळे. १७०५ सालची अशी टोकनं आजही संग्रहालयांत आहेत. त्यांवर एक नाक, मिशा आणि दाढी, आणि वर शब्द फक्त दोन: 'पैसे घेतले'. शेतकऱ्याला गावात दाढीची मुभा, पण शहराच्या वेशीतून जाता-येता पैसा मोजायचा. मी बँकेत लागलो तेव्हा कॅश काउंटरवर पितळी टोकनं होती; त्यामुळे हे वाचताना मला अगदी घरच्यासारखं वाटलं. अण्णांना मी म्हटलं, "तुम्ही रशियात असता तर आतापर्यंत तुमच्यावर किती कर साठला असता!" अण्णा हसले नाहीत. पण भिंतीवरून त्यांची मान थोडी इकडे वळली.

दरम्यान माझं शिक्षण सुरू झालं होतं. बँक सुटल्यावर अर्धा तास मामांच्या सलूनमध्ये. मामा स्वतः आता जुना वस्तरा वापरत नाहीत. भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा १९८६ साली आढळली, आणि पुढच्या वर्षांत सलूनमधले पिढीजात वस्तरे हळूहळू कपाटात गेले. तेव्हापासून दर गिऱ्हाईकाला नवं ब्लेड, ते मोडून अर्धं करायचं आणि मुठीत अडकवायचं. पण मामांनी त्यांच्या वडिलांचा दगड आणि चामड्याचा पट्टा जपून ठेवला होता. दगडावर त्यांनी तीन संध्याकाळी आमचा वस्तरा लावला आणि पट्टा माझ्या हातात दिला.

वस्तरा पाजळणं ही स्वतंत्र विद्या आहे. (अक्कल पाजळणं मला आधीपासून येत होतं.) पट्ट्यावर वस्तरा न्यायचा तो पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला गेल्यावर उलटायचा तोही पाठीवर. धारेवर उलटला तर पट्टा कापतो. मी पहिल्याच दिवशी मामांच्या वडिलांच्या पट्ट्याला एक सुबक फाक पाडली. मामा म्हणाले, "असू द्या साहेब, माझ्या नावाची पण एक आहे त्यावर," आणि वरच्या अंगाला असलेली जुनी खूण दाखवली. साठ वर्षांपूर्वीची. त्यासाठी वडिलांनी कानाखाली वाजवली होती म्हणे.

पुढचा धडा फुग्यावर. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो उतरवायचा. चिरंजीवांच्या वाढदिवसाचे अठरा फुगे उरले होते. पहिले अकरा फुटले. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनी सातव्या फुग्यानंतर वर येऊन, घरात काही वाद चालू आहे का, अशी सभ्य चौकशी केली. मी दार उघडलं तेव्हा माझ्या एका हातात उघडा वस्तरा होता आणि शर्टभर फेस. ते पुन्हा वर आले नाहीत. बाराव्या फुग्यापासून मात्र हात बसला. वस्तरा गालाशी साधारण तीस अंशांत धरायचा. मी चिरंजीवांच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून खात्री केली. दाब द्यायचा नाही, वस्तऱ्याचं वजन पुरेसं असतं. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेनेच जायचं. आणि मरण आलं तरी पातं आडवं सरकवायचं नाही. अठरावा फुगा मी असा साफ केला की चिरंजीव म्हणाला, "बाबा, आता याला कल्ले ठेव."

या यशाच्या धुंदीत मी स्वतःच्या गालाकडे वळलो आणि जमिनीवर आलो. फुगा ताणलेला असतो. माझा गाल म्हणजे वाढदिवस होऊन चार दिवस झालेला फुगा. वस्तरा टेकवला की तो आत जातो, उचलला की पुन्हा बाहेर येतो आणि कुठल्या वळीत किती केस लपलेत ते कळत नाही. मामांनी सांगितलं, "कातडी जिथे कापायची तिथे ओढू नका. वर, कानाच्या मागून ओढा." आता उजव्या हाताने डावा गाल करायचा, तर कातडी ओढायला राहिला डावा हात, आणि तो तर वस्तऱ्याच्याच वाटेत! तेव्हा डावा हात डोक्यावरून घ्यायचा आणि कानापाशी कातडी धरून वर खेचायची. द्राविडी प्राणायाम हा शब्द मी लहानपणापासून वापरत आलो. पण तो प्रत्यक्ष कसा दिसतो, हे मला त्या दिवशी आरशात कळलं. दूध घ्यायला आत आलेली ही दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "गाल वर गेल्यावर बरे दिसता. असेच बँकेत जा ना."

स्वतःची दाढी स्वतः करणं ही काही जगाच्या सुरुवातीपासूनची रीत नव्हे. जगभर ते काम दुसऱ्याच्या हातचं होतं. पॅरिसमध्ये झाँ-झाक पेरे नावाचा सुऱ्या-वस्तरे करणारा कारागीर होता. त्याने १७६९ साली 'स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला' अशा अर्थाच्या नावाचं एक आख्खं पुस्तकच लिहिलं. सुताराच्या रंध्यावरून कल्पना घेऊन वस्तऱ्याला लाकडी आड लावण्याची युक्तीही त्याचीच, म्हणजे पातं फार आत जायला नको. इकडे शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने १७४० च्या दशकात मुशीत वितळवून एकजीव पोलाद काढायची रीत बसवली, आणि पुढे शेफील्डचे वस्तरे जगभर गेले. त्यातलाच एक आमच्या ट्रंकेत येऊन पडला.

आणि मग आला किंग कँप जिलेट. बाटल्यांची झाकणं विकत फिरणारा विक्रेता. लोकांनी वापरून फेकून द्यावं असं काहीतरी काढावं, हा त्याला मिळालेला सल्ला. १८९५ साली दाढी करता करता त्याला पातळ ब्लेडची कल्पना सुचली. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. असा ताळेबंद घेऊन तो आमच्या शाखेत कर्ज मागायला आला असता, तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवला असता. पण पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी त्याचे लाखो रेझर घेतले. लढाईवरून परतलेले जवान ती सवय घरी घेऊन आले, आणि वस्तरा ट्रंकेत गेला.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं, सन घालून. शेवटी गांधीजींचीही गोष्ट सांगितली. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला नकार दिला. त्यांनी यंत्र विकत आणून आरशासमोर स्वतःच केस कापले. पुढचे बरे झाले, मागचे बिघडले, आणि कोर्टातल्या मित्रांनी विचारलं की डोक्याला उंदीर लागले होते का? हे सांगून मी हसलो.

अण्णा म्हणाले, "पुढचं वाचलं नाहीस वाटतं. पुढे ते काय लिहितात? त्या न्हाव्याला मी दोष देत नाही. काळ्या माणसाचे केस कापले तर त्याचं गिऱ्हाईक तुटलं असतं. आणि आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देतो का? अशा अर्थाचं लिहिलंय त्यांनी. गोष्ट अर्धी सांगू नये."

बऱ्याच दिवसांनी अण्णा एवढं सलग बोलले. मग म्हणाले, "वस्तऱ्याचा इतिहास सांगतोस आणि रशियापर्यंत जातोस. मुंबईला १८९० साली काय झालं ते माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. १८९० साली आमची बँकसुद्धा नव्हती.

"नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. गिरणी कामगारांची पहिली संघटना काढणारे. कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीही त्याच १८९० साली, त्यांच्याच धडपडीनं. तू रविवारी नऊ वाजेपर्यंत लोळतोस तेव्हा त्यांची आठवण करत जा. तर त्या वर्षी त्यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि त्यांनी ठरवलं, विधवा बाईच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. संप! पगारासाठी नाही की कामाच्या वेळेसाठी नाही. हे काम आमच्या हातून व्हायचं नाही, म्हणून संप. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधली यमू आठव, म्हणजे ते काम काय होतं ते कळेल."

मी आमच्या बँकेतले संप आठवून बघितले. सात-आठ संपांत मी स्वतः घोषणा दिल्या आहेत. त्यातला एकही दुसऱ्या कुणासाठी नव्हता.

"मग थांबलं ते?" मी विचारलं.

"कुठलं थांबतंय! माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, त्या सभेनंतर कितीतरी वर्षांनी विधवा झाली. तुझे आजोबा तेव्हा सात वर्षांचे होते. घर कोकणातलं, चुलते कर्मठ. गावचा न्हावी महिन्यातून एकदा मागल्या दारी यायचा. पुढल्या दारी पुरुषांची दाढी, मागल्या दारी तिचं डोकं. लाल आलवण नेसून ती विहिरीपाशी बसायची. बाकीच्या बायका तेवढा वेळ आत जायच्या. तुझे आजोबा माजघराच्या खिडकीतून बघायचे. पुढे ते वीस-एकवीस वर्षांचे झाले, कमावू लागले. तेव्हा एक दिवस तो न्हावी चुलत्यांना म्हणाला, उद्यापासून मागल्या दाराचं काम माझ्याच्यानं होणार नाही. माझी पोरगी परवा विधवा झाली, आता हात चालत नाही. चुलते म्हणाले, मग पुढल्या दाराचंही करू नकोस. तुझं बलुतं बंद. तो धोकटी उचलून गेला. चुलत्यांनी शेजारच्या गावचा दुसरा न्हावी बोलवायचं ठरवलं."

अण्णा थांबले. थरथरता हात त्यांनी दुसऱ्या हातात धरला.

"तुझ्या आजोबांनी मुंबईला एकाला पत्र घालून हा वस्तरा मागवला. चुलत्यांना सांगितलं, घरातल्या पुरुषांची दाढी मी करीन. तुमचीसुद्धा. दुसऱ्या न्हाव्याची गरज नाही. आणि कोणी न्हावी या घराच्या मागल्या दारात आला, तर मी पुढल्या दाराने आईला घेऊन जाईन. मग शिकले ते. तुझ्यासारखेच कापून घेत. चुलत्यांची कातडी तुझ्या-माझ्यासारखीच सैल. त्यांनी दोन वर्षं आपल्या गळ्यावर पुतण्याचा वस्तरा फिरू दिला. भांडण होतं, तरी. ज्या बलुत्याला ते मुकले, तेवढं भात तुझे आजोबा दर सुगीला त्या न्हाव्याच्या घरी स्वतः नेऊन टाकत. आणि मी आजीला पाहिली तेव्हा तिचे केस खांद्यापर्यंत होते. पांढरे शुभ्र. नेसायची आलवणच, ते तिनं सोडलं नाही. पण दुपारी ओटीवर बसून केस विंचरायची. मला आठवतं ते तिचं विंचरणंच."

"अण्णा, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही."

"पस्तीस वर्षं पानिपत शिकवलं," अण्णा म्हणाले, "घरचा धडा परीक्षेला नव्हता."

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. मी समजत होतो, आमच्या घरात वस्तरा आला तो दाढीसाठी. तो आला होता न चालवण्यासाठी.

पुढचा रविवार. (लोखंड्यांचे आभार मानून मी सातलाच उठलो.) गॅलरीत उजेड चांगला येतो म्हणून अण्णांची खुर्ची तिथे ठेवली. ऊन पाण्यात टॉवेल पिळून पाच मिनिटं गालांवर धरला. वस्तरा पट्ट्यावर चाळीस वेळा फिरवला, पाठ पुढे, धार मागे. मग स्पिरिटने पुसला. हिने चिरंजीवाला बाहेर पाठवलं, आणि स्वतः तुरटीचा खडा घेऊन दारात उभी राहिली. तिचा चेहरा बघून मी तिलाही बाहेर पाठवणार होतो.

अण्णांच्या गालाला मी शेवटचा हात कधी लावला होता? मला आठवेना. लहानपणी लावला असेल. आमच्या पिढीत वडिलांच्या पायांना हात लावायची पद्धत होती, गालांना नव्हती. डाव्या हाताने मी कानापासून कातडी वर ओढली. किती मऊ आणि किती सैल होती ती! बोटाखाली पुष्कळ जुनी नोट धरल्यासारखी; जोर केला तर फाटेल, सोडली तर निसटेल. अशा नोटा मी वीस वर्षं मोजत आलो आहे. तसाच धरला तो गाल. वळी सपाट झाली. वस्तरा टेकवला आणि खाली आणला. रवाळ असा बारीक आवाज आला, फेस बाजूला झाला आणि तेवढ्या पट्ट्यात माझे जुने अण्णा दिसले.

गाल झाले, मग कल्ल्यांची रेघ, मग गळा. गळ्यापाशी माझा हात थांबला. अण्णांनी डोळे मिटून मान मागे टाकली आणि म्हणाले, "चालू दे. चुलते दोन वर्षं बसले होते."

हनुवटी शेवटी. मामांनी बजावलं होतं की हनुवटीला घाई करायची नाही. एकूण पन्नास मिनिटं लागली. रक्त एकाच ठिकाणी आलं, उजव्या कानाखाली, मोहरीएवढं. हिने तुरटी पुढे केली. दाराआडून चिरंजीव बघत होता, त्याला बाहेर पाठवलंच नव्हतं म्हणे.

मी आरसा पुढे धरला. अण्णांनी बऱ्याच दिवसांनी आरशात बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग उत्तरपत्रिका तपासायच्या आवाजात म्हणाले, "डाव्या जबड्याखाली तीन केस राहिलेत. दहापैकी साडेसहा."

मी आरसा खाली ठेवला. अण्णांनी सदऱ्याच्या खिशात थरथरता हात घातला, बराच वेळ चाचपडून एक रुपयाचं नाणं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे काय?"

"दाढीचे. आणि पावती दे," अण्णा म्हणाले. "तो तुझा पीटरसुद्धा देत होता."